पन्नास रुपये जास्त

आषाढातल्या पावसानं दोन दिवस धरून ठेवलं होतं. पाटणच्या एसटी स्टँडसमोरच्या एका रिचार्जच्या दुकानात मी आईच्या फोनला पैसे भरायला थांबले होते. दुकान म्हणजे दोन माणसं आत मावणारी टपरी. तिसऱ्यानं पायरीवर छत्री धरून उभं राहायचं. काचेखाली फोनची कव्हरं, इअरफोनची भेंडोळी, आत उदबत्तीचा आणि शेजारच्या गाड्यावरून येणारा भज्यांच्या तेलाचा वास. माझ्या पुढे एक आज्जी होत्या. डोक्यावरून प्लास्टिकची खोळ, लुगड्याचा काठ चिखलानं जड झालेला. त्यांनी पिशवीतून आधी एक पुडकं काढलं, त्यावरचे दोन कागद सोडले आणि आतून फोन निघाला. तो त्यांनी दोन्ही हातांनी काचेवर ठेवला. दुकानातल्या पोरानं नंबर टाकला आणि विचारलं, “आज्जी, साधा मारू का फाइव्ह जी-वाला? पन्नास रुपये जास्त पडत्याल, पण स्पीड लई.”

“त्येनं काय हुतंय?”

“नेट पळतंय. व्हिडिओ कॉल अडकत न्हाय.”

आज्जी जरा विचारात पडल्या. मग म्हणाल्या, “मंजी नातू थांबायचा न्हाय न्हवं? त्यो बोलता बोलता थांबतोय बग. त्वांड उगडंच ऱ्हातंय आन् त्यो तसाच. लई येळ.”

“न्हाय थांबायचा,” पोरगा म्हणाला. आज्जींनी पदराची गाठ सोडली. आतल्या नोटा ओलसर होत्या, एकमेकींना चिकटलेल्या. त्या त्यांनी नखानं सोडवून एकेक करून काचेवर मांडल्या.

काचेवर ठेवलेला तो फोन मला ओळखीचा होता. माझ्या आईकडे तोच आहे. २०१९ साली घेतलेला, मागच्या बाजूला निळी झाक असलेला. आपल्याकडे फाइव्ह जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला. त्या फोनच्या आत ते पकडणारा भागच नाही. पन्नास काय, पाचशे रुपये जास्त भरले तरी तो फोर जीवरच चालणार. हे मला माहीत होतं, आणि मी त्या दोघांपासून हातभर अंतरावर उभी होते.

मी काहीच बोलले नाही.

का बोलले नाही, याचं उत्तर मी नंतर बरेच दिवस शोधत होते. पोरगा कोवळा होता, विशीतला. अशा रिचार्जमागे दुकानदाराच्या हातात काही रुपयेच पडतात, आणि पावसात दिवसभर गिऱ्हाईक नाही. त्याच्यासमोर त्याच्याच दुकानात ‘हे खोटं आहे’ म्हणायला जीभ रेटेना. शिवाय पूर्ण खोटंही नव्हतं. मोठ्या प्लॅनला रोजचा डेटा दीडऐवजी दोन जीबी मिळतो, म्हणजे आज्जींच्या हाती काहीतरी पडत होतं. पण त्यांनी डेटा मागितला नव्हता. त्यांनी विचारलं होतं, नातू थांबणार नाही ना. आणि त्या प्रश्नाला ‘नाही थांबणार’ असं उत्तर मिळाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं होतं. कदाचित ते पुसायला नको वाटलं असेल. घरी येईपर्यंत छत्रीखाली मी तेच एक वाक्य घोळवत होते.

खरं सांगायचं तर मीही तेच पन्नास रुपये दर अठ्ठावीस दिवसांनी जास्त भरते. अठ्ठावीस दिवसांचा महिना धरला की वर्षात तेरा रिचार्ज होतात. वर्षाचे साडेसहाशे रुपये. माझ्या पगारात ते जाणवत नाहीत, म्हणून कधी हिशेबच केला नव्हता. फाइव्ह जी आपल्या राज्यात आधी मुंबई-नागपुरात दिसलं, मग पुण्यात आलं. माझ्या फोनवर कोपऱ्यात ती दोन अक्षरं पहिल्यांदा उमटली तेव्हा मी सिंहगड रस्त्यावर रिक्षात होते. घरी गेल्यावर मुलीनं आणि मी वेग मोजायचं ॲप उतरवून घेतलं आणि काटा तीनशेच्या पुढे गेला तेव्हा दोघी ओरडलो. पहिली पावणेदोन वर्षं ते जवळजवळ फुकटच होतं. २०२४ च्या जुलैत सगळ्याच खाजगी कंपन्यांनी दर वाढवले, आणि फाइव्ह जी देणाऱ्यांनी अमर्याद फाइव्ह जी रोज दोन जीबीच्या आणि त्यावरच्या प्लॅनपुरतं ठेवलं. तोवर सवय लागली होती. मीही बिनबोभाट वरच्या पायरीवर गेले.

त्या वेगाचं मी काय केलं, हे मात्र आठवायचा प्रयत्न केला तर फार थोडं आठवतं. प्रवासाला निघताना मालिकेचे चार भाग उतरवून घेतले, हे नक्की. फोनचं मोठं अपडेट पाच मिनिटांत झालं. पण फोनच्या लहान पडद्यावर चांगल्या प्रतीचा व्हिडिओ बघायला पाच एमबीपीएस पुरतात. तीनशे एमबीपीएसमुळे तो साठपट चांगला दिसत नाही. बोलणं, पैसे पाठवणं, रेल्वेचं तिकीट काढणं, बातम्या वाचणं, यातल्या कशालाच तेवढा वेग लागत नाही. जाहिरातीतल्या एमबीपीएसमधलं ‘बी’ हे बिटचं असतं आणि फाइलच्या एमबीमधलं बाइटचं. एका बाइटचे आठ बिट. म्हणजे ऐंशीचा वेग म्हणजे सेकंदाला दहा एमबी. हे मला हिशेबतपासणीच्या कामात असूनही कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. आणखी एक गणित घालून पाहिलं. दोनशे एमबीपीएसचा वेग सलग मिळाला तर दीड जीबीचा रोजचा कोटा बरोबर एका मिनिटात संपतो. वेग आणि कोटा या गोष्टी वेगळ्या विकताच येत नाहीत. नळाचं तोंड मोठं केलं की टाकीही मोठी घ्यावी लागते. पैसे वेगाचे म्हणून घेतात, पण आपण भरतो ते टाकीचे.

आईचं घर स्टँडपासून वर, चढावर आहे. काळ्या दगडाच्या दीड फुटी भिंती, वर पत्रा, मधे माजघर, मागे परसदार. आईला बरं नसलं की मी महिन्यातले आठ-दहा दिवस इथूनच काम करते. त्या दिवशी संध्याकाळी, आज्जींच्या प्रश्नानं अस्वस्थ होऊन, मी घरभर फोन घेऊन फिरले. माजघरात फाइव्ह जीची खूण दिसत होती, पण वेग होता तीन. फोन मुद्दाम फोर जीवर टाकला तर त्याच जागी अकरा. परसदाराच्या उंबऱ्यावर फोर जी बावीस. आणि पाऊस थांबल्यावर स्टँडपर्यंत चालत गेले तर तिथे फाइव्ह जी एकशे नव्वद. सगळीकडे प्लॅन तोच, पैसे तेच. आई खाटेवरून बघत होती. म्हणाली, “काय शोधतेयस?” मी म्हटलं, “रेंज.” ती म्हणाली, “ती परसदारीच असते. मी कधीची तिथेच स्टूल ठेवलंय.” खरंच होतं. जास्वंदीजवळ एक लाकडी स्टूल होतं, त्यावर दुमडलेलं पोतं. तीन वर्षं मी ते बघत होते आणि मला वाटायचं ती तिथे हवेला बसते.

माझा भाचा टॉवरच्या देखभालीचं काम करतो. कराडपासून कोयनानगरपर्यंतचे डोंगर त्याच्या पायाखालचे. रात्री त्याला फोन केला. तो म्हणाला, “मावशी, फोनवर फाइव्ह जी दिसतं ना, ते फोन ते टॉवर एवढ्याच वाटेचं. पुढचं काही कळत नाही त्यावरून.” मग त्यानं पुढची वाट सांगितली. फाइव्ह जीसाठी जास्तकरून वापरतात त्या लहरी साडेतीन हजार मेगाहर्ट्झच्या आसपासच्या. त्यांच्यावर माल खूप लादता येतो पण त्या लांब जात नाहीत आणि दगडी भिंत, पत्रा, भिजलेली झाडी यांत गळतात. सातशे, आठशे मेगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून आत येतात, पण त्यांच्यावर माल थोडा. टॉवरच्या मागे जमिनीतून फायबर आलेली असेल तर मागचा रस्ता रुंद. नसेल तर टॉवरवरच्या त्या गोल पांढऱ्या ढोलातून एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर सगळ्या गावाचा डेटा पाठवायचा, म्हणजे रस्ता अरुंद. त्यातही लाइट गेली की टॉवर बॅटरीवर, बॅटरी उतरली की डिझेलवर, आणि घाटात दरड पडली की डिझेल नाही. “आणि मावशी, समोरच्याचं काय? तो कुठं बसलाय त्यावर पण आहे. व्हिडिओ कॉलमध्ये त्याचं तोंड तुमच्याकडे येतं ते त्याच्या अपलोडवर. कंपन्या सांगतात तो डाउनलोडचा वेग.”

म्हणजे आज्जींचा नातू थांबत होता तो कुठे थांबत होता? आज्जींच्या फोनमध्ये, त्यांच्या घराच्या भिंतीत, पाटणच्या टॉवरमागच्या अरुंद वाटेत, की पलीकडे? नातू नवी मुंबईत कोपरखैरण्याला आहे, हे त्यांनी पैसे मोजताना सांगितलं होतं. आमच्या भागातली कितीतरी माणसं माथाडीत कामाला, तिकडच्या वसाहतींतून राहणारी. तिथल्या दाटीत, संध्याकाळी आठ-नऊला, सगळ्या घरांतून सगळे फोन एकदम चालू होतात. नातू तिथल्या गर्दीत थांबत असेल तर आज्जींनी पाटणला भरलेले पन्नास रुपये त्याच्यापर्यंत पोचणारच नव्हते. जिथे अडतंय तिथे पैसे लागत नाहीत आणि जिथे पैसे भरतो तिथे अडतच नाही, असं हे आहे. आणि कुठे अडतंय हे गिऱ्हाइकाला कळायची कसलीच सोय नाही. पडद्यावर फक्त ते गोल फिरत राहतं.

अप्पा, म्हणजे माझे वडील, असते तर त्यांना हे लगेच उमगलं असतं. ते मुंबईत होते तेव्हाची गोष्ट. ११ डिसेंबर १९६७, सोमवार. पहाटे सव्वाचारच्या पुढे कोयनानगरचा भूकंप झाला. घाटकोपरच्या खोलीत अप्पांच्याही अंगाखालची चटई हलली होती. सकाळी कळलं की धरणाच्या भागात घरं पडली, माणसं गेली. आजी-आजोबा, दोन आत्या सगळे इथे. अप्पा तारघरात गेले. तिथे आमच्याच भागातल्या माणसांची रांग होती, सगळ्यांचा मजकूर जवळजवळ एकच, ‘खुशाली कळवा’. साधी तार की अर्जंट, असं काउंटरवरच्या माणसानं विचारलं. अर्जंटला दुप्पट पैसे. अप्पांचं वय वीस, खिशात खानावळीचे पैसे. त्यांनी अर्जंट केली. उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. त्यांच्या मागे रांगेत असलेल्या एका पाहुण्यानं साधी तार केली होती. त्यालाही उत्तर तिसऱ्या दिवशीच, जवळजवळ त्याच वेळी. तार मुंबईतून वेगानं सुटली असेलही. पण पुढे तारा तुटलेल्या होत्या, रस्ते खचले होते, आणि खुशाली लिहून देणारा माणूस घराबाहेर शेतात उघड्यावर झोपत होता.

ही गोष्ट अप्पा खूपदा सांगायचे. लहानपणी मला वाटायचं, दुप्पट पैसे वाया गेल्याचं दुःख सांगतात. एकदा विचारलं, “मग पश्चात्ताप झाला का?” तर ते म्हणाले, “छे. साधी केली असती तर तीन दिवस मला स्वतःकडे बघता आलं नसतं.”

हे वाक्य आता आठवलं तेव्हा मी जरा गप्पच झाले. कारण मग आज्जींचे पन्नास रुपये फुकट गेले असं सरळ म्हणता येईना. नातवासाठी आपण जे जास्तीत जास्त करू शकतो ते केलं, हे समाधान त्यांनी विकत घेतलं असेल. पण मग दुसऱ्या बाजूनं रागही येतो. अप्पांना त्या काउंटरवरच्या माणसानं ‘उत्तर लवकर येईल’ असं सांगितलं नव्हतं. त्यानं फक्त दोन दर सांगितले होते. आज्जींना मात्र सांगितलं गेलं, नातू थांबणार नाही. माणसाच्या ओढीवर बोट ठेवून पन्नास रुपये मागणं आणि वेगाचे पन्नास रुपये मागणं, या दोन गोष्टी मला एक वाटत नाहीत.

वेगाला जास्त दर ही तशी जुनीच रीत आहे. ट्रंक कॉलमध्ये साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे दर होते. एसटीडी बूथवर उलट, रात्री उशिरा दर पाव व्हायचा आणि माणसं शाली गुंडाळून तिथे अकरा वाजायची वाट बघायची. माझी मोठी आत्या त्या रांगेत स्वेटर विणायची, हे मला स्वच्छ आठवतं. पिवळ्या बल्बखाली सुया चालायच्या आणि तिचा नंबर आला की ती टाके मोजूनच आत शिरायची. रेल्वेत सुपरफास्ट गाडीला वेगळा अधिभार असतो. पण मुंबईच्या लोकलचं मला नेहमी अप्रूप वाटतं. फास्ट लोकल आणि स्लो लोकलचं तिकीट एकच. घाटकोपरहून दादरला काही मिनिटं आधी पोचायचे कुणी जास्त पैसे घेत नाही. फर्स्ट क्लासला कितीतरी जास्त मोजावे लागतात, पण तो डबा दुसऱ्या वर्गाच्या आधी पोचत नाही. अप्पा म्हणायचे, त्या शहरात एवढी एक गोष्ट तरी सगळ्यांना सारखी मिळते.

टॉवरचं तसं नसतं. टॉवरवर जेवढी जागा आहे तेवढीच आहे आणि त्या क्षणी जोडलेले सगळे फोन ती वाटून घेतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं ते पालीला, खंडोबाच्या यात्रेत. पौषातली दुपार, तारळी नदीचं वाळवंट भंडाऱ्यानं पिवळं झालेलं, अंगावर, केसांत, श्वासात हळद. देवाच्या लग्नाला लोटलेली माणसं, आणि प्रत्येकाचा हात वर, हातात फोन. माझ्या फोनवर रेंजच्या सगळ्या कांड्या भरलेल्या, कोपऱ्यात फाइव्ह जी, आणि एक फोटो जाईना. बाजूला एक खेळणीवाला होता. त्याचा क्यूआर कोड चालत नव्हता म्हणून तो प्रत्येकाला हात जोडून “सुट्टे द्या” म्हणत होता. तासाभरात किती गिऱ्हाइकं परत गेली असतील कोण जाणे. मनात आलं, आत्ता कुणी म्हणालं की शंभर रुपये द्या आणि तुमचा फोटो आधी जाईल, तर मी देईन का? आणि मी दिले तर माझा फोटो ज्याच्या आधी जाईल तो कोण असेल? तो खेळणीवालाच असेल.

हा प्रश्न नुसता माझ्या मनातला नाही. २०२० च्या जुलैमध्ये एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया यांच्या जास्त बिल भरणाऱ्यांना जास्त वेग आणि अग्रक्रम देऊ करणाऱ्या प्लॅनांना ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, थांबवलं होतं, आणि विचारलं होतं की या गिऱ्हाइकांना पुढे घेतल्यावर बाकीच्यांची सेवा खालावणार नाही हे कशावरून. त्यावर पुढे वाद झाले, प्रकरण लवादापर्यंत गेलं. पण तो प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. जास्त डेटा हवा, जास्त पैसे घ्या; यात मला काही गैर वाटत नाही. ज्याला जास्त पाणी लागतं त्यानं जास्त पट्टी भरावी. पण एकाच टॉवरच्या रांगेत पैसे घेऊन पुढे सोडणं मला मान्य नाही, कारण तिथे माझा वेग वाढतो तो दुसऱ्या कुणाचा तरी काढून घेतलेला असतो, आणि तो दुसरा बहुतेक वेळा सगळ्यात लहान रिचार्ज मारणारा असतो. फाइव्ह जीच्या तंत्रात तर नेटवर्कचे निरनिराळे भाग पाडून वेगवेगळ्या कामांना राखून ठेवायची सोयच आहे. तो भाग रुग्णवाहिकेसाठी राखला तर मी पहिली हात वर करीन. माझ्यासारखीच्या मालिकेसाठी राखला तर नाही.

आणि तरीही वेगाची किंमत मला ठाऊक आहे. मागच्या वर्षी पहाटे आईच्या छातीत दुखायला लागलं. जवळच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि म्हणाले, कराडच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोटो पाठवा, ते सांगतील ते करू. मी त्या गुलाबी चौकटींच्या पट्टीचा फोटो काढला आणि पाठवला. गोल फिरत राहिलं. माझा फोन फाइव्ह जीचा, पण दवाखाना तळघरात, तिथे फाइव्ह जी नव्हतं. आणि फोर जीचा दिवसाचा कोटा रात्री बारानंतर काम करताना संपवून ठेवलेला. कोटा संपल्यावर वेग उतरतो तो ६४ केबीपीएसवर. एके काळी डिजिटल एक्स्चेंजमध्ये एका माणसाच्या नुसत्या आवाजाला तेवढी जागा दिलेली असायची. सेकंदाला आठ केबी. चारशे केबीच्या फोटोला सगळं सुरळीत असेल तर पन्नास सेकंद, आणि तिथे सुरळीत काहीच नव्हतं. दोनदा अर्ध्यावरून तुटलं. आई माझा हात धरून होती, तिचा तळवा थंड आणि ओला. मी डॉक्टरांच्या वायफायवर जाऊन वीस-पंचवीस रुपयांचं डेटा व्हाउचर मारलं की त्याच वायफायवरून सरळ फोटो पाठवला, हे आता आठवतसुद्धा नाही. आठवतं ते पुढचं, फोटोखाली दोन निळ्या खुणा उमटल्या तो क्षण. त्या वेळी कुणी हजार मागितले असते तरी दिले असते.

तेव्हा हवे होते ते तीनशे एमबीपीएस नव्हते. दोन पुरले असते. २०२३ पासून आपल्याकडे ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान दोन एमबीपीएस लागतात. त्याआधी ५१२ केबीपीएस चालायचे. हे दोन जर माजघरात, तळघरात, यात्रेत, दरड कोसळलेल्या रात्री, सगळ्यात लहान रिचार्जवाल्यालाही मिळणार असतील, कोटा संपल्यावरही मिळणार असतील, तर मी माझे साडेसहाशे आनंदानं त्याला देईन. पण असा प्लॅन कुठे विकत मिळत नाही. वरचा वेग विकत मिळतो. खालचा वेग आणखी खाली घसरू नये, याची मात्र कुणी किंमत सांगत नाही.

मधल्या काळात मी स्वतःच्या फोनला एकदा लहान प्लॅन मारून पाहिला. पुण्यात चौथ्या दिवशी दुपारी कोटा संपला आणि काम अडलं, तेव्हा परत मोठा मारला. माझ्यापुरतं उत्तर ते आहे. मी फोनवरून कामाच्या फाइली पाठवते, मला टाकी मोठीच लागते. आईचा मात्र लहानच ठेवला, आणि परसदारच्या स्टुलावर पावसाळ्यासाठी एक पत्र्याची झड बांधून घेतली. तिला साडेसातशे रुपये लागले, मजुरीसकट.

अठ्ठावीस दिवस मी मुद्दाम मोजले होते. त्या दिवशी दुकानापाशी दोनदा जाऊन आले. दुसऱ्या खेपेला, अकराच्या सुमाराला, आज्जी आल्या. श्रावण लागला होता, उन्हाची एक तिरीप स्टँडच्या पत्र्यावर पडली होती. पोरानं विचारायच्या आत मी म्हटलं, “आज्जी, जरा बोलू का?” आणि सगळं सांगितलं. की माझ्या आईकडे असाच फोन आहे. त्यात फाइव्ह जी येतच नाही. मागच्या खेपेला मी इथेच उभी होते आणि बोलायला हवं होतं, बोलले नाही. पोरगा खाली मान घालून काच पुसत होता. मग म्हणाला, “मला फोन बगायचं ध्यानात न्हाय आलं, ताई.” मला ते खरं वाटलं. आज्जींनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“आसूं दे,” त्या म्हणाल्या. “ल्हानच मार बाबा मग.” आणि मला म्हणाल्या, “म्या म्हनलं काय की त्यो अजून कसा थांबतोय. पर पोरी, थांबतोय त्येच बरं हाय बग. न्हायतर त्यो हितं हाय तर तितं. उभाच ऱ्हात न्हाय. थांबला मंजी मी बगून घेती, दात कितवा पडलाय, गुडगा कुटं फुटलाय.”

रिचार्ज झाल्याचा मेसेज यायच्या आधी त्यांचा फोन वाजला. कोपरखैरण्याचाच होता. आज्जी घाईनं पायरी उतरून रस्त्याच्या कडेला गेल्या, जिथे रेंज चांगली असते, आणि फोन हातभर लांब धरून उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मागून बघत होते. चित्र अजिबात थांबलं नाही. केस विस्कटलेलं एक पोरगं आलं, “आज्जे, मी खाली चाल्लो,” म्हणालं आणि धावत चौकटीबाहेर गेलं. फोन कुठेतरी उताणा ठेवलेला राहिला असावा. पडद्यावर आता छताचा पंखा होता, फिरणारा, अगदी स्वच्छ. आज्जी फोन तसाच धरून त्याच्याकडे बघत उभ्या होत्या.